इंग्रजी व्यंजनं सुधारायची तर सुरुवात मराठीतून करा

फोनवर एका सहकाऱ्याला रंगाची छटा सांगत होतो. मी म्हणालो, ‘पीच’. त्याची मातृभाषा इंग्रजी. तो म्हणाला, ‘बीच? वाळूसारखा?’ मी आवाज चढवून पुन्हा ‘पीच’ म्हणालो. तो म्हणाला, ‘हो, तेच की, बीच.’ चौथ्या वेळी मी हात टेकले आणि स्पेलिंग सांगितलं. ‘प’ आणि ‘ब’ यांत माझी गल्लत होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती अक्षरं मी पहिलीत गिरवली होती.

खरं तर माझा ‘प’ चुकला नव्हता. तो अस्सल मराठी ‘प’ होता, आणि शब्दाच्या सुरुवातीला आलेला मराठी ‘प’ इंग्रजी कानाला ‘ब’च्या जवळचा वाटतो. त्याचं कारण पुढे येईलच. त्या दिवशी एवढं मात्र कळलं की आपण इंग्रजी शब्द डोक्यात आधी देवनागरीत लिहून घेतो आणि मग ती देवनागरी वाचून दाखवतो. मराठीसाठी ही लिपी चोख आहे. इंग्रजीसाठी ती अंदाजपंचे आहे.

यातली चांगली बाजू अशी की मराठी तोंड फार श्रीमंत आहे. त, ट, थ, ठ वेगळे काढणारी जीभ इंग्रजीच्या चोवीस व्यंजनांना घाबरायचं कारण नाही. अवघड वाटणाऱ्या जवळपास प्रत्येक इंग्रजी आवाजाशेजारी एक मराठी आवाज बसलेला असतो. तो घ्यायचा आणि त्यात एकच बदल करायचा, इतकीच या लेखाची पद्धत आहे.

आधी साधनं जमवा

एक आरसा, पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी, फोनवरचा रेकॉर्डर आणि आपलं बोट.

बोट कशाला? गळ्याच्या घाटीवर ठेवा आणि ‘सऽऽऽ’ म्हणा. बोटाला काही जाणवणार नाही. आता ‘मऽऽऽ’ म्हणा. बोटाखाली गुणगुण सुरू होईल. ही गुणगुण असलेले आवाज ते घोष, नसलेले ते अघोष. शाळेच्या व्याकरणात हे शब्द येऊन गेले असतील आणि परीक्षेनंतर विसरले गेले असतील. इथे ते रोज लागणार आहेत, कारण इंग्रजीतले कित्येक आवाज जोडीजोडीने येतात: तोंडाची ठेवण तीच, फरक फक्त या गुणगुणीचा.

आणि तोंडाआधी कान. जो फरक ऐकू येत नाही तो बोलण्यात येत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांच्या शब्दकोशांच्या संकेतस्थळांवर ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात. एका जोडीतले दोन शब्द तिथे ऐका. मग घरातल्या कुणाला तरी फोन हातात देऊन ते दोन्ही उलटसुलट क्रमाने वीस वेळा वाजवायला सांगा आणि स्क्रीनकडे पाठ करून कोणता शब्द वाजला ते ओळखा. वीसपैकी अठरा बरोबर येईपर्यंत स्वतः बोलायची घाई करू नका. हे कंटाळवाणं आहे हे मान्य. पण ही पायरी गाळणारे लोक वर्षभर आरशासमोर चुकीचाच आवाज घोटत बसतात.

प, ट, क: फुंकर विसरली

आता माझ्या ‘पीच’कडे येऊ. मराठीत ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक गुणगुणीचा, आणि ‘प’ आणि ‘फ’ यांतला फरक हवेच्या झोताचा. इंग्रजीत झोताचं वेगळं अक्षर नाही, म्हणून आपण समजतो की झोतही नाही. तो आहे. शब्दाच्या सुरुवातीला किंवा जोर असलेल्या अवयवाच्या, म्हणजे शब्दातल्या एका दमात म्हणायच्या तुकड्याच्या, सुरुवातीला येणारे प, ट, क इंग्रजी माणूस फुंकर मारून काढतो. उलट त्याचा सुरुवातीचा ‘ब’ आपल्या ‘ब’इतका गुणगुणत नाही. त्यामुळे इंग्रजी कान गुणगुण शोधत बसत नाही, तो फुंकर शोधतो. ती मिळाली तर ‘प’, नाही मिळाली तर ‘ब’. माझ्या ‘पीच’मध्ये ती नव्हती.

कागदाची पट्टी ओठांपासून चार बोटांवर धरा आणि मराठीत ‘पाणी’ म्हणा. पट्टी जवळपास स्थिर राहील. आता इंग्रजी ‘पेन’ म्हणा. पट्टी उडाली पाहिजे. उडत नसेल तर ‘प’ आणि ‘एन’ यांच्या मध्ये एक छोटा ‘ह’ सोडा: ‘प्हेन’. इथे जुना, दोन्ही ओठ मिटून काढायचा ‘फ’ कामाला येतो. हल्ली बरेच जण ‘फळ’ म्हणतानाही दात ओठावर टेकवतात, तो इथे चालायचा नाही. ‘क’साठी ‘ख’च्या दिशेने सरका: ‘कॅट’ हा ‘खॅट’च्या जवळ जातो. ‘ट’साठी तसंच ‘ठ’कडे. सुरुवातीला हे नाटकी वाटतं, आरशात बघून हसू येतं. रेकॉर्डिंग ऐकलं की ते नाटकी राहत नाही.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. आधी ‘स’ आला की फुंकर गायब होते. ‘पिन’मध्ये पट्टी उडते, ‘स्पिन’मध्ये नाही. ‘टॉप’मध्ये उडते, ‘स्टॉप’मध्ये नाही. ‘किन’ आणि ‘स्किन’ तसेच. म्हणजे स-च्या नंतरचे प, ट, क हे आपलेच, मराठीतले, काही न बदलता वापरायचे. ‘पेपर’मध्ये पहिला ‘प’ फुंकरीचा, दुसरा बराच मवाळ, कारण जोर पहिल्या अवयवावर आहे.

सरावाच्या जोड्या: पिल–बिल, पेअर–बेअर, पॅक–बॅक, टाउन–डाउन, कोट–गोट, केव्ह–गेव्ह.

व: एक अक्षर, दोन आवाज

आता सगळ्यात मोठा घोळ. मराठी ‘व’ हा इंग्रजीच्या व्ही आणि डब्ल्यू यांच्या बरोबर मध्ये बसतो. खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ जातो पण धड टेकत नाही, आणि ओठांचा चंबूही होत नाही. ऐकणाऱ्याला व्ही हवा असेल तेव्हा तो डब्ल्यू ऐकू येतो आणि डब्ल्यू हवा असेल तेव्हा व्ही. आपण मात्र दोन्ही वेळा एकच आवाज काढलेला असतो.

त्यात आपल्या लेखनाने भर घातली आहे. व्हीसाठी आपण ‘व्ह’ लिहितो: व्हॅन, व्होट, व्हिसा. ठीक. पण चाकाला ‘व्हील’, पांढऱ्याला ‘व्हाइट’ आणि त्या देवमाशालाही ‘व्हेल’च लिहितो, जिथे स्पेलिंगमध्ये डब्ल्यू आणि एच आहे आणि उच्चार बहुतेक ठिकाणी निव्वळ डब्ल्यूचा आहे. (स्कॉटलंड, आयर्लंडमधले काही लोक तिथे थोडी हवा सोडतात, ते सोडून द्या.) म्हणजे एकच जोडाक्षर दोन परस्परविरोधी आवाजांची पाटी मिरवतं. शिवाय ‘व्ह’मध्ये ‘ह’ दिसतो म्हणून आपण ‘जिव्हाळा’मधल्यासारखी हवा सोडतो. इंग्रजी व्हीमध्ये ‘ह’चा लवलेशही नाही.

व्ही असा जमवा. ‘फॅन’ म्हणायला तोंड तयार करा: वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर अलगद. हवा सोडत राहा, ‘फ्फ्फ्फ’. दात न हलवता गळ्यातली गुणगुण सुरू करा. ओठाला गुदगुल्या होऊन भुंग्यासारखा आवाज येईल. तो व्ही. दोन-तीन सेकंद लांबवता आला पाहिजे. आरशात दातांची कडा दिसली पाहिजे.

डब्ल्यूमध्ये दातांचा काही संबंध नाही. ओठ मेणबत्ती विझवताना करतो तसे गोल करा, ‘ऊ’ म्हणा आणि तिथून पुढच्या स्वरावर झटकन घसरा. ‘ऊ–एस्ट’ जलद म्हणा की ‘वेस्ट’, ‘ऊ–अन’ म्हणा की ‘वन’. ‘क्वीन’ आणि ‘क्वेश्चन’मध्येही हाच चंबू लपलेला आहे: क आणि लगेच ऊ. खरी परीक्षा ‘वुड’, ‘वुल’, ‘वुमन’ यांची, कारण तिथे ऊवरून पुन्हा उ-वरच जायचं असतं. तिथे सुरुवातीचा चंबू नेहमीपेक्षा घट्ट करा आणि मग सैल सोडा.

ज्या जोड्या देवनागरीत नीट वेगळ्या लिहिताही येत नाहीत त्याच घोटा. व्हीचा ‘व्हाइन’ म्हणजे वेल, डब्ल्यूचा ‘वाइन’ म्हणजे मद्य. व्हीचा ‘व्हर्स’ कवितेतला, डब्ल्यूचा ‘वर्स’ म्हणजे आणखी वाईट. व्हीचा ‘व्हेट’ जनावरांचा डॉक्टर, डब्ल्यूचा ‘वेट’ ओला. व्हीचा ‘व्हेल’ चेहऱ्यावरचा पडदा, डब्ल्यूचा समुद्रातला. मग एकाच शब्दात दोन्ही: ‘वेव्ह’, ‘वाइव्ह्ज’, ‘व्हॉवल’, ‘ओव्हरव्हेल्म’. शेवटच्या शब्दात दात, चंबू आणि पुन्हा ओठ मिटणं असा तिन्ही हालचालींचा व्यायाम होतो. आणि पाहिलंत, तो लिहितानाही मी डब्ल्यूच्या जागी ‘व्ह’च लिहून गेलो. सवय अशी असते.

माझा, माझी आणि झेड

‘माझा’ म्हणा. आता ‘माझी’ म्हणा. पुन्हा एकदा, सावकाश. दोन्हीकडे अक्षर ‘झ’ आहे, पण ‘माझा’मध्ये जिभेचं टोक दातांच्या मागे टेकतं, आणि ‘माझी’मध्ये जीभ मागे सरून पसरते. ‘चाक’ आणि ‘चार’, ‘जाग’ आणि ‘जग’, तोच प्रकार. च, ज, झ यांचे हे दोन-दोन उच्चार मराठी माणूस लहानपणापासून न चुकता करतो, आणि लिपीत त्यांच्यासाठी वेगळी खूणही नाही. झेडच्या अगदी दारात आपण उभे आहोत.

‘जाग’चा ‘ज’ घ्या. नीट ऐकलं तर त्यात दोन तुकडे आहेत: जीभ टेकून सुटण्याचा छोटा ‘द’ आणि नंतरची सळसळ. पहिला तुकडा काढून टाका. जीभ टेकवायची नाही, सळसळ मात्र ठेवायची. हे जमत नसेल तर उलट्या बाजूने या: ‘सऽऽऽ’ म्हणत राहा आणि मध्येच गुणगुण चालू करा. जीभ जागची हलता कामा नये. मधमाशीसारखा आवाज आला की तो झेड. या लेखापुरता मी तो खाली टिंब देऊन ‘ज़’ लिहितो.

टेकणारा आणि न टेकणारा, हे दोन्ही इंग्रजीत लागतात, आणि अर्थ बदलतो. ‘कार्ड्स’च्या शेवटी ‘जाग’मधला टेकणारा आवाज आहे, ‘कार्ज़’ म्हणजे गाड्या, तिथे न टेकणारा. ‘सीड्स’ (बिया) आणि ‘सीज़’ (बघतो) तसेच. आणि ‘कॅट्स’, ‘इट्स’, ‘पार्ट्स’ यांचा शेवट? ‘पाच’ म्हणा आणि शेवटचा ‘च’ ऐका. तोच, जसाच्या तसा. ही देणगी किती भाषांमधल्या विद्यार्थ्यांकडे नसते!

झेड नुसता झेडच्या स्पेलिंगमध्ये राहत नाही, तो एसमध्ये लपून बसतो. इज़, वॉज़, हॅज़, दीज़, बिकॉज़, बिज़ी, रीज़न, हज़बंड: या सगळ्यांत लिहिलेला एस आहे आणि उच्चार ज़. काही शब्दांत तर या एका फरकावर व्याकरण उभं आहे. ‘यूस’ म्हणजे उपयोग, ‘यूज़’ म्हणजे वापरणं. ‘क्लोस’ म्हणजे जवळ, ‘क्लोज़’ म्हणजे बंद करणं. ‘अ‍ॅडव्हाइस’ सल्ला, ‘अ‍ॅडव्हाइज़’ सल्ला देणं. ‘लूस’ सैल, ‘लूज़’ हरवणं.

अनेकवचनाचा एस याच नियमाने चालतो. शब्द अघोष आवाजावर संपला तर स: कॅप्स, बुक्स, रूफ्स. घोष व्यंजनावर किंवा स्वरावर संपला तर ज़: डॉग्ज़, पेन्ज़, डेज़. आणि आधीच स, ज़, श, च, ज असेल तर इज़: बसिज़, वॉचिज़. तिसऱ्या पुरुषी क्रियापदांना आणि मालकी दाखवणाऱ्या एसलाही हेच लागू.

याच घराण्यातला आणखी एक आवाज ‘मेजर’ म्हणजे मोजमाप यात आहे. आपण मोजमापही ‘मेजर’ म्हणतो आणि सैन्यातला हुद्दाही ‘मेजर’च. इंग्रजीत दोन्हींचा स्वर वेगळा आणि व्यंजनही वेगळं. मराठीत ‘घसा’चं ‘घशात’ होतं, म्हणजे जीभ सवरून शवर मागे जाते. ज़ म्हणत असताना जीभ तशीच मागे न्या, गुणगुण थांबवू नका. झाला तो आवाज. किंवा सरळ ‘शऽऽ’ म्हणा आणि बोटाखाली गुणगुण चालू करा. प्लेझर, व्हिजन, डिसिजन, यूज्वली, टेलिव्हिजन: सगळीकडे ‘ज’ऐवजी हा.

टी-एच: गाजावाजा जास्त, धोका कमी

उच्चार सुधारायचा म्हटलं की लोक सर्वात आधी इथे धावतात. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. आपण ‘थिन’ला ‘थ’ आणि ‘देन’ला ‘द’ वापरतो. ते अचूक नसतं, पण आपल्याकडे दंत्य (त, थ, द) आणि मूर्धन्य (ट, ठ, ड) वेगळे असल्यामुळे ‘टिन’ आणि ‘थिन’, ‘डे’ आणि ‘दे’ यांची भेसळ होत नाही. समोरच्याला समजतं. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांनी आपसात इंग्रजी बोलताना काय सांभाळायलाच हवं याची यादी मांडली, तेव्हा टी-एच त्यातून वगळला आणि सुरुवातीच्या प, ट, कची फुंकर मात्र ठेवली. इंग्रजी घरांतली मुलंही हा आवाज शेवटी शेवटीच शिकतात आणि तोवर ‘थिंक’ला ‘फिंक’ म्हणतात.

तरीही हवा असेल तर सोपा आहे. ‘थ’ लांबवून पाहा. लांबत नाही, लांबतो तो पुढचा ‘अ’. कारण ‘थ’मध्ये जीभ दातांना टेकून हवा पूर्ण अडवते आणि मग सोडते. टी-एचमध्ये हवा अडतच नाही. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला हलकं लावा, किंचित बाहेर डोकावलं तरी चालेल, आणि मधल्या फटीतून हवा वाहू द्या. ‘सऽऽ’सारखा हा आवाज श्वास संपेपर्यंत चालला पाहिजे. चालत असताना पुढचा स्वर जोडा. जीभ दातांवर आपटली की समजा तो पुन्हा ‘थ’ झाला. आणि जीभ दातांमागे फार आत राहिली तर ‘स’ होतो.

गुणगुण जोडली की त्याची घोष बहीण मिळते. कुठे कोणती? थिंक, थँक, थ्री, मंथ, टूथ इथे अघोष. द, दिस, दॅट, दे, देअर, देन असे वाक्यात सतत येणारे बारके शब्द आणि मदर, ब्रदर, वेदर यांसारखे मधले टी-एच घोष. ‘बाथ’ अघोष, पण आंघोळ घालण्याचा ‘बेद’ घोष. थॉमस, थेम्स, थायलंड यांत टी-एच लिहिलेला असूनही उच्चार साधा ‘ट’. शब्दकोशात अघोष टी-एच ग्रीक थीटाच्या चिन्हाने दाखवलेला असतो, म्हणजे पोटात आडवी रेघ असलेलं लंबगोल. ही उच्चारचिन्हं ज्या संघटनेची, ती १८८६ साली पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांनी सुरू केली होती. सगळी चिन्हं पाठ करायची गरज नाही. ज्या सात-आठ आवाजांशी भांडण आहे तेवढी ओळखता आली की पुरे.

‘मंथ्स’ आणि ‘क्लोद्ज़’ जमत नाहीत म्हणून खंतावू नका. ‘क्लोद्ज़’ला तर इंग्रज स्वतः बोलण्याच्या भरात ‘क्लोज़’च म्हणतात.

ट, ड आणि र यांची जागा

मराठी ‘ट’ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं. इंग्रजी ‘ट’ वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर, जिथे ‘ल’ म्हणताना जीभ टेकते तिथे लागतो. म्हणून ‘ल’साठी जीभ ठेवा आणि ती न हलवता ‘ट’ म्हणा. ‘ड’ही तिथलाच. अमेरिकन बोलण्यात ‘वॉटर’, ‘बेटर’, ‘सिटी’ यांतला मधला ट इतका हलका आणि जलद होतो की तो जवळजवळ आपला ‘र’ होऊन बसतो. ‘वॉरर’ असं ऐकू आलं तर कान खराब झालेला नाही.

खुद्द इंग्रजी ‘र’ मात्र आपल्या ‘र’सारखा नाही. आपल्या ‘र’मध्ये जीभ टाळूला टपली मारते. इंग्रजीत ती वर उचलली जाते, मागच्या दाढांना बाजूने टेकते, आणि टोक हवेत लटकलेलं राहतं. ओठ थोडे पुढे येतात. ‘रेड’च्या आधी हा र दोन सेकंद सलग लांबवता आला तर बरोबर. मध्ये तुटला, थरथरला, तर मराठी. स्वराच्या पुढचा र, म्हणजे ‘कार’, ‘हार्ड’मधला, ब्रिटिश प्रमाण बोलीत ऐकू येत नाही आणि अमेरिकनमध्ये येतो. दोन्ही बरोबर. एक निवडा आणि त्याला चिकटून राहा.

‘मिल्क’, ‘फुल’मधला जडसर ल वेगळा असतो, पण त्यामुळे कुणाचा गैरसमज होत नाही. फक्त तिथे ‘ळ’ आणू नका.

शब्दांची शेपटी

शेवटची व्यंजनं आपण घाईत गिळतो किंवा पाठ्यपुस्तकासारखी वाचतो. भूतकाळाचा ईडी बघा. ‘वॉक्ड’ असं लिहिलं की आपण ‘ड’ म्हणायचा आग्रह धरतो. उच्चार आहे ‘वॉक्ट’. तसंच स्टॉप्ट, लाफ्ट, वॉश्ट. घोष आवाजानंतर ड: प्लेड, ओपन्ड. आधीच ट किंवा ड असेल तरच वेगळा अवयव: वॉन्टिड, नीडिड. ‘नेकिड’, ‘विकिड’ ही विशेषणं नियमाबाहेरची.

शेवटचा आवाज घोष की अघोष हे इंग्रजी कान व्यंजनावरून कमी आणि त्याआधीच्या स्वरावरून जास्त ओळखतो. ‘बॅक’मधला स्वर आखूड, ‘बॅग’मधला लांब. सीट–सीड, लीफ–लीव्ह, राइस–राइज़ तसेच. शेवटचा ‘ग’ ठासून म्हणण्यापेक्षा आधीचा ‘अ‍ॅ’ जरा ताणा. काम होतं.

‘सिंग’मध्ये शेवटी ग नाही. ‘पंखा’ म्हणायला लागा आणि ‘ख’ सुटायच्या आत थांबा. नाकात जो आवाज अडकला तोच शेवटचा आवाज. ‘सिंगर’मध्येही ग नाही, ‘फिंगर’मध्ये मात्र आहे, आणि ‘लाँगर’, ‘स्ट्राँगर’मध्येही आहे. यामागे इतिहास आहे, पण तो पाठ करण्यापेक्षा शब्द ऐकणं सोपं.

न उच्चारायच्या अक्षरांचंही तेच. डेट (कर्ज) आणि डाउटमधला बी इंग्रजीत कधी उच्चारलाच गेला नाही. हे शब्द फ्रेंचमधून बीशिवाय आले होते. लॅटिन मूळ दिसावं म्हणून पंडितांनी तो नंतर स्पेलिंगमध्ये घुसवला. त्यामुळे प्लंबर, रिसीट, सॅमन (मासा), लिसन, आयलंड हे शब्द स्पेलिंगवरून अडखळत वाचू नका. प्लंबरमध्ये ब नाही, रिसीटमध्ये प नाही, सॅमनमध्ये ल नाही.

रोजचे दहा मिनिटं

पहिल्या दिवशी शंभरेक शब्दांचा कुठलाही इंग्रजी उतारा वाचून रेकॉर्ड करा आणि तो जपून ठेवा. मग आवाज एका वेळी एकच घ्या. माझा क्रम: पहिला आठवडा फुंकर, दुसरा आणि तिसरा व्ही-डब्ल्यू, चौथा ज़ आणि शेपट्या. टी-एच आणि र त्यानंतर. दहा मिनिटांतली तीन ऐकण्याची, चार एकेकट्या शब्दांची, तीन वाक्यांची. ‘व्हेरी वेल, वी विल व्हिजिट द व्हॅली’ हे वाक्य आरशासमोर म्हणताना दात आणि चंबू यांची पाळी चुकली की लगेच दिसते.

सुटा शब्द जमला म्हणजे वाक्यात जमला असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हमखास असं होतं की शब्द अचूक येतो आणि बोलताना जुना ‘व’ परत येतो. तेव्हा एखाद्या वक्त्याचं अर्ध्या मिनिटाचं बोलणं निवडा आणि त्याच्या मागोमाग, अर्धा शब्द मागे राहून, सावलीसारखं बोलत जा. यूग्लिश नावाच्या संकेतस्थळावर शब्द टाकला की तो शब्द खऱ्या माणसांच्या तोंडी असलेले व्हिडिओ एकामागून एक मिळतात. त्यासाठी ते उत्तम.

फोनला तोंडी मजकूर सांगून तो काय टाइप करतो हे बघणं मजेशीर आहे, पण पूर्ण वाक्य सांगू नका. संदर्भावरून तो तुमची चूक परस्पर दुरुस्त करून टाकतो आणि तुम्हाला उगाच शाबासकी मिळते. एकटा शब्द सांगा: ‘वाइन’, थांबा, ‘व्हाइन’, थांबा. काय उमटलं ते वहीत टिपा.

महिना झाला की तोच पहिला उतारा पुन्हा रेकॉर्ड करा. दोन्ही ऐकताना सगळ्या चुका शोधू नका. फक्त शब्दांच्या सुरुवातीचे प, ट, क मोजा: पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये किती फुंकरीचे निघाले, दुसऱ्यात किती. मग दुसऱ्यांदा ऐका, या वेळी फक्त व्ही आणि डब्ल्यू.